ताट कार्यालयाचं आहे

“मागचं दार कुठं उघडतं?” धायगुडेंनी विचारलं.

मंगल कार्यालय बघायला आलेला माणूस आधी कुठं बघतो, त्यावरून मी मनातल्या मनात त्याचं खातं उघडतो. मुलीचा बाप वर बघतो, पंखे सगळे चालतात का. मुलाकडचे वरपक्षाच्या खोलीत जाऊन गाद्या दाबतात. मुलाची आई आरसा शोधते. दारं बघणारा माणूस माझ्या मॅनेजरकीत पहिल्यांदाच आला होता, आणि आल्यापासून त्याने दारांखेरीज काही बघितलं नव्हतं.

“भटारखान्यातून मागच्या गल्लीत,” मी म्हटलं. “भाजीचा टेम्पो लागतो तिथं.”

“आज नाही लागणार. आमची जीप लागेल.”

त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि मी वाचायच्या आत उचललं. इन्स्पेक्टर धायगुडे. चाळिशीचा, बारीक, कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा दिसणारा माणूस. सोबत सब-इन्स्पेक्टर रणनवरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काळा चष्मा. त्याने आल्या आल्या आरसा शोधला होता. त्याला कुठल्या खात्यात टाकावं ते मला कळेना.

“आज घागांकडचं लग्न आहे साहेब,” मी म्हटलं. “साधी माणसं आहेत. मुलीला वडील नाहीत. आईने शिवणकाम करून...”

“मामा आहे ना मुलीला?”

“दुबईला असतो म्हणाल्या.”

रणनवरे आरशातच हसला. “दुबईला. दिगू पाष्टे हे नाव कधी ऐकलंय का, नाबर?”

ऐकलं होतं. आमच्या खाडीकाठच्या शहरात ते नाव दुकानदार हळू घ्यायचे आणि कॉलेजची पोरं मोठ्याने. रेतीच्या धंद्यातल्या खुनांत तो हवा होता आणि कित्येक वर्षं कुणाच्या हाताला लागला नव्हता.

“तो लग्नाला येईल कशाला?” मी म्हटलं. “एवढा खुळा आहे का?”

“गुरुजी पुकारणार, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं,” धायगुडे म्हणाले. “बाप नाही. मामाही नाही म्हटल्यावर पोरीला मंडपात आणणार कोण? तो येणार.”

मग त्यांनी कामं सांगितली, आचाऱ्याला सामान सांगावं तशी. मागचं दार उघडं ठेवायचं. मागच्या गल्लीतला दिवा काढायचा. टेम्पो पुढच्या मैदानात. “आणि तो व्हिडिओवाला. अक्षता पडल्या की त्याला वरच्या खोलीत जेवायला बसवा. पहिल्या पानाला.”

“त्याला आम्ही शेवटी वाढतो साहेब. नाहीतर पंगतीचं शूटिंग कोण करणार?”

“आज पहिल्या पानाला.” माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत ते पुन्हा म्हणाले, “लक्षात राहील ना सगळं? तुमची मोजदाद पक्की असते असं ऐकलंय. ताटवाले नाबर म्हणतात तुम्हाला.”

म्हणतात. कार्यालयाची स्टीलची ताटं आहेत, मागे नाव कोरलेली. लग्नात लोक स्वतःचं सोनं विसरून जातात आणि आमचं ताट घेऊन जातात. म्हणून पंगती उठल्या की मी भटारखान्याच्या दारात उभा राहतो, आणि एक जरी कमी भरलं तरी गाडी हलू देत नाही. एकदा एका आमदाराच्या व्याह्यांची डिकी उघडायला लावली होती. त्यात दोन निघाली. नाव पडलं ते तेव्हापासून.

दुपारी मुलीची आई, शालिनीबाई घाग, वधूपक्षाच्या खोलीची चावी घ्यायला आली. चावी घेतली तरी जाईना.

“नाबरभाऊ, सकाळी दोघं आले होते ना?”

“आले होते.”

“मीच सांगितलं त्यांना.”

मी काही बोललो नाही. आपण बोललो नाही की माणसं पुढचं सांगतात.

“तो असाच मरणार होता,” ती म्हणाली. “त्याच्याच माणसांतलं कोणी तरी टपकवलं असतं. मधे एकदा दाराशी आला, बसला नाही. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला. सख्खा भाऊ, आणि माझ्या घरात त्याची पाठ दाराकडे होत नाही. मी म्हटलं, तुरुंगात तरी मांडी घालून जेवेल. म्हणून धायगुडे साहेबांकडे गेले. दोनच गोष्टी मागितल्या. अक्षता पडेपर्यंत हात लावायचा नाही, आणि न्यायचा तो जिवंत न्यायचा. त्यांनी शब्द दिलाय.”

“दिगूला ठाऊक आहे?”

“नाही. वैजूलाही नाही. तिला एवढंच, की मामा येतोय.” तिने पदराने चावी पुसली, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. “शब्द दिला म्हणजे पाळतात ना हो पोलीस?”

“दिलाय म्हणजे झालं,” मी म्हटलं.

मागच्या गल्लीतला बल्ब मी नुकताच काढून खिशात टाकला होता. तो अजून कोमट होता.

मुहूर्त गोरज होता. साध्या वेशातले पोलीस लग्नात मिसळवणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम. मुलीकडच्यांना वाटतं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं हे मुलीकडचे, आणि दोघंही हात जोडून या या म्हणतात. हवालदार पिंगळे नावाचा पोट सुटलेला गृहस्थ दारापाशी इतका ऐसपैस उभा होता की घागांकडच्या एका म्हाताऱ्याने त्याला मुलाचा काका समजून व्याहीभेटीला ओढलं. टोपी घातली, नारळ दिला आणि कडकडून मिठी मारली. मिठीत त्याला काही तरी टोचलं असावं.

“काका, कंबरेला चाव्या फार बाळगता,” तो म्हणाला.

“मोठं घर आहे,” पिंगळे म्हणाला, आणि नारळ कुठं ठेवावा हे न कळून तो शेवटपर्यंत हातात घेऊन उभा राहिला.

बाकीचे मी अक्षता वाटल्यावर टिपले. त्यांनी अक्षता डाव्या हातात घेतल्या होत्या. उजवा हात त्यांना मोकळा हवा होता. रणनवरे सगळ्यात पुढे, बोहल्याच्या पायरीशी. चष्मा काढलेला, शर्ट बाहेर सोडलेला. शेजारच्या एका आजीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

“उजव्या हातात घे. डाव्या हातानं आशीर्वाद देतात होय?”

“असू द्या आजी.”

“असू काय द्या? एवढा घोडा झालास, आईनं शिकवलं नाही?”

आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या. रणनवरेने अक्षता उजव्या हातात घेतल्या. त्याच वेळी गुरुजींनी माइक ओढला आणि पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.”

हॉलमधले सगळे डावखुरे दारांकडे बघू लागले. दारातून कोणी आलं नाही.

कोपऱ्यात बँडवाले उभे होते, अक्षता पडल्या की वाजवायला तयार. लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या. त्यांच्यातल्या झांजवाल्याकडे माझं लक्ष वरात आत आली तेव्हाच गेलं होतं. एकही ठोका वेळेवर नाही. म्हटलं, बँडमास्तरला माणूस कमी पडला असेल, रस्त्यावरचा कोणी तरी कोटात उभा केलाय. त्याने झांजा खुर्चीवर ठेवल्या, टोपी काढून त्यांच्यावर ठेवली, आणि सरळ वधूपक्षाच्या खोलीकडे चालत गेला. बँडवाल्याच्या कोटाकडे सगळे बघतात. चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, पोलीससुद्धा.

वैजूला घेऊन तो बाहेर आला तेव्हा मुलाचे वडील चमकले. “हे मामा?”

“हौशी आहे पहिल्यापासून,” शालिनीबाई म्हणाली. “भाचीच्या लग्नात स्वतः वाजवणार म्हणाला.”

“वा,” मुलाचे वडील म्हणाले. “दुबईची माणसं.”

अंतरपाट धरला. एका बाजूला वैजू, मागे लाल कोटातला दिगू. दुसऱ्या बाजूला मुलगा, त्याचा मामा, आणि मामाच्या खांद्याशी येऊन उभे राहिलेले धायगुडे. दिगूने पायरीवरच्या रणनवरेला ओळखलं, त्याची तांदळांनी भरलेली मूठ बघितली, मग अंतरपाटावरून धायगुडेंकडे बघितलं. पळायचं असेल तर तीच वेळ होती. त्याने वैजूच्या मुंडावळ्यांची सैल झालेली गाठ सोडली आणि नीट बांधली.

मुलाच्या आत्याने मंगलाष्टकं स्वतः रचून आणली होती. त्यांत दोन्हीकडचे नातेवाईक नावानिशी गुंफलेले होते, हयात आणि गेलेले. ती संपली तेव्हा मावशीला वाटलं आपणही म्हणावं. प्रत्येक कडव्याला लोक अक्षता टाकत होते. रणनवरे सोडून. त्याने मूठ उघडली असती तर आजीने पुन्हा भरून दिली असती, तिच्या पदरात खूप होत्या. शेवटच्या ‘सावधान’नंतर टाळ्या, बँड आणि एकच गलका झाला.

मी अल्बर्टला, म्हणजे व्हिडिओवाल्याला गाठलं. “चल वर, पान वाढलंय.”

“आता? काय नाबर, आज माझा वाढदिवस आहे काय?”

“तुला साखर आहे ना? वेळेवर जेवत जा.”

“वीस लग्नं झाली आपली, साखर आज दिसली तुला.” पण भुकेला माणूस फार चौकशा करत नाही. कॅमेरा खांद्यावरून उतरवून तो वर गेला. मी त्याच्या पानात जास्तीची जिलबी वाढायला सांगितली आणि खाली आलो.

भटारखान्याच्या बोळात धायगुडे, रणनवरे आणि दिगू उभे होते. ओरडा नाही, ओढाताण नाही. घरगुती बोलणं चाललंय असं लांबून वाटलं असतं. पिंगळेने दिगूच्या कंबरेचं पिस्तूल काढून नारळाशेजारी धरलं होतं.

“ताईनं सांगितलं ना तुम्हाला?” दिगू म्हणाला.

धायगुडेंनी घड्याळ बघितलं.

“मामा पायजेच, मामा पायजेच म्हणून निरोपावर निरोप आले, तेव्हाच वाटलं मला. ती एवढी मागे लागणारी नाही.” तो जरा हसला. “बरं केलं तिनं. मला कंटाळा आला होता.”

शालिनीबाई ताट वाढून घेऊन आली. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, मठ्ठा, जिलबी. “तो जेवला नाही.”

“वाटेत घेऊ काही तरी,” रणनवरे म्हणाला.

“वाटेत कशाला? भाचीच्या लग्नातनं मामा उपाशी जाणार?” तिने ताट दिगूच्या हातांत दिलं. मग धायगुडेंकडे बघत राहिली. धायगुडेंनी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, “गाडीत जेवेल.”

ताट दोन्ही हातांनी सांभाळत दिगू मागच्या दारातून अंधारात उतरला. मी बघत होतो ते त्याचे हात. गल्लीत दिवा नव्हता, तो माझ्या खिशात होता. कॅमेरा वर भिंतीला टेकवलेला होता. आणि हातांत बेड्या नव्हत्या. बेड्या घातलेला माणूस पळून जायचा प्रयत्न करताना मरू शकत नाही. आमच्याकडे तेव्हा पेपरात अशी बातमी अधूनमधून यायची, नाव तेवढं बदलायचं, मजकूर तोच असायचा. उद्याचा पेपर मला त्या बोळात उभ्या उभ्या वाचता येत होता.

“थांबा,” मी म्हटलं. “ताट कार्यालयाचं आहे.”

रणनवरे वळला. “काय?”

“ताट. मागे नाव आहे. बाहेर जाऊ देत नाही मी.”

“सकाळी पाठवून देतो, नाबर.”

“सकाळी दुसरं लग्न आहे. एक कमी पडलं तर मालक माझ्या नावावर टाकतो.” मी जीपच्या मागच्या बाजूला पाय ठेवला होता. “मी येतो ना सोबत. त्याचं जेवून झालं की घेतो आणि रिक्षाने परततो.”

“वेड लागलंय का तुम्हाला? पोलिसांची गाडी आहे ही.”

“आमदारांची पण तपासली होती,” मी म्हटलं.

पिंगळे फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. धायगुडे पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी मागे न बघता सांगितलं, “बसू द्या त्यांना.”

जीपमध्ये मी आणि दिगू शेजारी, समोर रणनवरे. पिंगळे मागेच राहिला. दिगूने ताट मांडीवर घेतलं, पुरी तोडली.

“मठ्ठा चांगला झालाय, मॅनेजर.”

“आचारी कोकणातला आहे.”

“तरीच.”

रणनवरे तळहाताला चिकटलेले तांदूळ नखाने एकेक काढत होता. घामाने ते पार बसले होते. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही. वाटेत कोणी ठेवलेल्या खुर्चीकडे बघावं तसा.

जुन्या जकात नाक्याशी रस्ता फुटतो. उजवीकडे बाजारातून पोलीस ठाण्यावर, डावीकडे मिठागरांवरून खाडीच्या बाजूने. डाव्या रस्त्याला संध्याकाळनंतर माणूस नसतो, आणि तो ठाण्यावर जातच नाही. ड्रायव्हरने गाडी थांबवली.

“साहेब, कुठून घेऊ?”

धायगुडे काही बोलले नाहीत. दिगू चघळायचा थांबला. तोंडातला घास तोंडात होता.

“नाबर,” रणनवरे म्हणाला, “इथं उतरा तुम्ही. इथं रिक्षा मिळेल. ताट तुमच्या हातात देतो, जेवण आम्ही कागदात बांधून घेऊ.”

“मठ्ठा कागदात कसा बांधणार?” मी म्हटलं.

पुढच्या आरशात धायगुडेंचे डोळे दिसत होते. ते माझ्यावर होते. मी ते वाचायचा प्रयत्न केला आणि मला काही वाचता आलं नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. समोरच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. ड्रायव्हर गियरवर हात ठेवून बसला होता. मी दोन्ही गुडघे समोरच्या सीटला टेकवले, उतरणार नाही हे दिसावं इतके.

“खाडीचा रस्ता खराब आहे,” मी म्हटलं. “सगळं सांडेल.”

“बाजारातून घे,” धायगुडे म्हणाले.

दिगूने घास गिळला. मग त्याने जिलबी उचलली, अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली. पाक दोघांच्या बोटांना लागला.

ठाण्यात लखलखीत उजेड होता आणि बाकावर तक्रारी घेऊन आलेली माणसं बसली होती. दिगूने अंगणातल्या नळावर स्वतः ताट घासलं, राखेसारखी माती लावून, मग धुतलं, कोटाच्या सोनेरी दोऱ्यांना पाणी न लागू देता निथळलं आणि मला दिलं.

“मोजून घ्या,” तो म्हणाला.

मी उलटं करून नाव बघितलं आणि निघालो. कार्यालयात पोहोचलो तेव्हा अल्बर्ट मला शोधत होता. त्याला वैजूच्या पाठवणीला मामा फ्रेममध्ये हवा होता.

दिगूला जन्मठेप झाली. ती भोगून तो सुटला आणि आता वैजूकडे चिपळूणला असतो. नारळाच्या बागेला पाणी लावतो, असं शालिनीबाई सांगते. मांडी घालून जेवतो, हेही ती दर वेळी सांगते. रणनवरे पुढे बराच वर गेला. त्याचे फोटो यायचे.

धायगुडे परवा आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, हातात काठी. धाकट्या मुलीचं लग्न. मी बुकिंगच्या तारखा सांगत होतो, ते ऐकत नव्हते.

“तुम्हाला कधी वाटलं नाही नाबर, त्या दिवशी मी तुम्हाला एवढं सगळं का सांगितलं?”

“कामं होती. सांगितली.”

“दिवा माझ्या हवालदाराला काढता आला असता. टेम्पो हाकलता आला असता. व्हिडिओवाल्याला पिंगळेने चहाला नेला असता. बाहेरच्या माणसाला कोणी असली कामं सांगतो?” ते खुर्चीत टेकले. “शब्द मी दिला होता, आदेश वरून उलटा होता, आणि रणनवरे माझ्यावर नजर ठेवायला दिलेला. मला स्वतःच्या तोंडाने काही मोडता येत नव्हतं. म्हटलं, मोजणाऱ्या माणसाच्या कानावर सगळं घालून ठेवू. बेरीज तो करील.”

मी बुकिंगची वही मिटली. निवृत्त माणसं जमेच्या बाजूला मागाहून बरंच काही लिहून घेतात, हे मला माहीत आहे. पण हे खरं असेल तर, माणसं मी वाचतो असं समजत आलो तो मी, त्या सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हाच त्यांनी वाचून बाजूला ठेवलेला होतो. खोटं असेल तर ‘बसू द्या त्यांना’ हे कशाला? दोन्हीकडून बघितलं. जकात नाक्यावरची ती शांतता कुठल्याच बाजूला बसेना.

“आणि साहेब, मी जीपमध्ये चढलो नसतो तर?”

धायगुडेंनी मान वर केली. ते छताकडे बघत होते.

“हे पंखे सगळे चालतात ना?” त्यांनी विचारलं.

“चालतात,” मी म्हटलं. मी एकेक बटण दाबत गेलो, आणि ते काठीवर दोन्ही हात ठेवून मोजत राहिले.